नांगर न लागलेली काउंटी

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 105 काउंट्या आहेत, चेस त्यांतली एक. क्षेत्रफळ सुमारे 2,000 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडचा एखादा ऐसपैस तालुका. 2020च्या जनगणनेत माणसं 2,572. 1900च्या सुमारास आठ हजारांवर होती.

*

मुख्य ठिकाण कॉटनवुड फॉल्स. विटांचा ब्रॉडवे रस्ता नदीकडून दक्षिणेला येतो आणि थेट कोर्टहाउसशी संपतो. पांढुरकी चुनखडी, तांबडं छप्पर, वर घड्याळाचा मनोरा. आराखडा जॉन हॅस्केलचा, बांधकाम 1873 साली पुरं झालं. अजून वापरात असलेलं इतकं जुनं कोर्टहाउस त्या राज्यात दुसरं नाही.

*

आतला जिना अक्रोडाच्या लाकडाचा. झाडं नदीकाठचीच. गोल वळण घेत तो तीन मजले चढतो. घरपट्टी भरणारा, खटल्याला आलेला, ज्युरीत बोलावलेला, सगळ्यांना कचेरी ही एकच.

*

कारभार तीन कमिशनर पाहतात. क्लार्क, खजिनदार, दस्त नोंदवणारा, शेरीफ, सरकारी वकील हेही लोकांनी निवडून दिलेले. आपला तहसीलदार सरकार नेमतं. तो बाहेरून येतो आणि काही वर्षांत बदलून जातो. इथे दस्त नोंदवणाऱ्यालाही मतं मागावी लागतात. ज्याच्याकडे तक्रार न्यायची तो उद्या दुकानात भेटणारच असतो. ओळखीचा आधार असतो, तसंच ओझंही. तरी एवढ्या थोड्या माणसांनी आपली कचेरी आपण चालवायची, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

*

जमिनीची मोजणी मैलाच्या चौकटींत. एक मैल लांब, एक मैल रुंद तुकडा म्हणजे सेक्शन, 640 एकर. विल्यम लीस्ट हीट-मून यांनी नकाशाच्या अशाच चौकटी धरून 1991 साली ‘प्रेअरीअर्थ’ हा सहाशेवर पानांचा ग्रंथ लिहिला, तो या एकाच काउंटीवर.

*

या टेकड्यांचं नाव फ्लिंट हिल्स. थोड्याशा मातीखाली चुनखडीचे थर, त्यांत गारगोटीसारखा टणक चर्ट. नांगराचा फाळ तिथे टिकला नाही. नदीकाठची पट्टी तेवढी लागवडीला आली, बाकी गवतच राहिलं. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या कुरणांपैकी आज चार टक्केही उरलेली नाहीत. उरली त्यांतली बहुतेक याच टेकड्यांत आहेत. खडकाने गवत वाचवलं आणि कचेरीला भिंतीही दिल्या.

*

1873 हे साल माझ्या टिपणवहीत दोनदा आलं. कोर्टहाउस पुरं झालं त्याच वर्षी शेजारच्या काउंटीतल्या काउन्सिल ग्रोव्हजवळच्या राखीव जमिनीवरून कॉ या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांना उठवून इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात पाठवलं. कॅन्सस हे नाव त्यांच्यावरूनच पडलेलं. जिन्याचं कौतुक लिहिलं त्याच पानावर हेही लिहून ठेवलं आहे.

*

वसंतात कुरणं जाळतात. रात्री टेकडीच्या अंगावरून आगीची बारीक रेघ सरकत जाते, मागे काळंभोर रान. थोड्याच दिवसांत त्या काळ्यातून हिरवे कोंब वर येतात, कारण बिग ब्लूस्टेम गवताचा जीव खोल मुळांत असतो. मग बाहेरगावची गुरं ट्रकांतून येतात आणि उन्हाळाभर त्या गवतावर पोसतात. 1996पासून यातल्या सुमारे 11,000 एकरांना राष्ट्रीय संरक्षण आहे. 2009 साली तिथे बायसनही परत आणले.

*

आपल्या सातबाऱ्यावर लागवडीला न येणाऱ्या जमिनीपुढे ‘पोटखराबा’ लिहितात. चेस काउंटीचा बहुतेक भाग त्या रकान्यात गेला असता. सोलापूरकडची माळरानं आठवतात: तिथेही मेंढरं गवतावर जगतात, लांडगा आणि माळढोक त्याच गवताच्या आसऱ्याने राहिले. जमीन खराब नसते. तिथे गवत पिकतं, एवढंच कागदावर यायला हवं.