उपवास हे एकच तप नव्हे



दशलक्षण पर्व जवळ आलं की आपल्या मंडळात एकच प्रश्न फिरतो, "यंदा किती उपवास करणार?" गेली काही वर्षं मी या प्रश्नावर नुसती हसते. का, ते आज सांगते. आपल्यातल्या बऱ्याच जणी आता साखरेच्या गोळ्या घेतात, म्हणून हे सांगायलाच हवं.

मला मधुमेह निघाला तेव्हा उपाशीपोटी साखर 172 होती आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी 8.8. उपाशीपोटी 126 किंवा त्याहून जास्त, आणि एचबीएवनसी 6.5 किंवा त्याहून जास्त असेल तर मधुमेह धरतात. माझा विश्वासच बसेना. घरात कांदा-बटाटा नाही, बाहेरचं खाणं नाही, सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा नाही. मग ही साखर आली कुठून?

मी बी.कॉम. झालेली. इथे तुळजापुरात आमच्या दुकानाचे हिशेब मीच बघायचे. तशीच एक वही घातली. डावीकडे काय खाल्लं ते, उजवीकडे दोन तासांनी मशिनवर आलेला आकडा. महिन्याभरात चोर सापडले. बटाटा नव्हता, पण कच्च्या केळ्याचे काप आणि जैन फरसाण रोजचं होतं. साखर बंद करून चहात गूळ घातला होता, पण आकड्याला दोन्ही सारखेच. भाकरी चांगली म्हणून मी तीन खात होते. ज्वारी ही मैद्यापेक्षा नक्कीच बरी, पण तिच्यातही पिष्ट असतंच. शिवाय देवीच्या दर्शनाला येणारे पाहुणे पेढे आणणार आणि कुंथलगिरीला गेलं की तिथला खवा घेतल्याशिवाय आपण परत येत नाही!

सगळ्यात मोठी रक्कम निघाली संध्याकाळच्या जेवणात. पुढे रात्रभर काही नाही, म्हणून मी पोट दाबून जेवत होते. एकाशनाच्या दिवशी तर दोन वेळचं एकाच वेळी. नियम पाळला जात होता, संयम मात्र नव्हता.

मग ताट बदललं. अर्धं ताट भाजी, पाव ताट वरण किंवा उसळ, पाव ताटात दीड भाकरी. आधी भाजी आणि वरण, भाकरी शेवटी. दुधी, दोडका, कारलं, पडवळ, गवार आलटून पालटून. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते, त्या दिवशी आपल्याकडून भात आणि पोळी वाढते. मी त्या दिवशी मुगाचं किंवा तुरीचं घट्ट वरण वाढवते, भाकरी नाही. जेवण झालं की वीस मिनिटं चालते. वर्षभरात एचबीएवनसी 7.2 वर आली.

आकडे सुधारले तसा अभिमानही चढला. त्या वर्षी अनंत चतुर्दशीचा निर्जळ उपवास करायचाच असं ठरवलं. डॉक्टरांना विचारलं नाही. आदल्या संध्याकाळची गोळी नेहमीसारखी घेतली. सकाळी मंदिरात अभिषेक चालू असताना हात थरथरायला लागले, दरदरून घाम आला, डोळ्यांपुढे अंधारी आली. सूनबाईंनी धरून घरी आणलं. मशिनवर आकडा 52. सत्तरच्या खाली साखर जाणं धोक्याचं असतं. त्यांनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पेला पुढे केला आणि मी तोंड फिरवलं!

"आई, घ्या ना."

"आज चतुर्दशी आहे."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा कुठे मी तो पेला घेतला. पंधरा मिनिटांनी साखर 91 झाली. जीव वाचला, पण दिवसभर मी रडत होते ते व्रत मोडलं म्हणून.

आपल्या जिल्ह्यात कुंथलगिरी आहे. 1955 साली आचार्य शांतिसागर महाराजांनी तिथे सल्लेखना घेतली. ती कथा ऐकतच आपण वाढलो. अन्न सोडणं हेच सगळ्यात मोठं तप, असं माझ्या मनात घट्ट बसलं होतं. पण महाराजांच्या त्या त्यागामागे आयुष्यभराची साधना होती. माझ्या उपवासामागे काय होतं? खरं सांगू? मंडळातल्या बायकांचं "किती उपवास?"

त्या रात्री सासऱ्यांचं जुनं तत्त्वार्थसूत्र काढलं. पर्वात रोज एक अध्याय वाचला जातो. नववा आदल्याच दिवशी झाला होता आणि मी हात जोडून ऐकलाही होता. त्यात बाह्य तपाचे सहा प्रकार आहेत. अनशन हा त्यातला फक्त पहिला. दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं. चौथं रसपरित्याग, म्हणजे दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतलं काही सोडणं. सोळा कारण भावनांमध्येही शक्तीप्रमाणे तप असंच सांगितलं आहे. मैत्रिणींनो, माझ्या दुखण्याचं पथ्य आणि माझं तप एकाच पानावर लिहिलेलं होतं, आणि मी ते चाळीस वर्षं नुसतं ऐकत आले होते.

आता पर्वाचे दहाही दिवस मी गोड रस सोडते आणि दोन्ही वेळा चार घास कमी जेवते. ताट पुढे असताना थांबणं हे उपवासापेक्षा मला अवघड जातं. करून बघा!

व्यवहाराचंही सांगते. काही गोळ्या आणि इन्सुलिन पोट रिकामं असलं तरी साखर खाली ओढतात. म्हणून उपवास, एकाशन, चौविहार जे काही करत असाल ते डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. मी सांगितलं, तेव्हा त्यांनी माझी संध्याकाळची गोळी बदलून दिली. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोन वेळा, 55 मिनिटांत जेवायची पद्धतही आपल्यात अनेक जणी करतात. गोळ्या चालू असतील तर तीही विचारूनच सुरू करा. उशाशी साखरेची पुडी ठेवा. रात्री साखर उतरली तर नियम बाजूला ठेवून ती घ्या आणि सकाळी प्रायश्चित्त घ्या. देह राहिला तरच पुढचं पर्व दिसेल.

आणि कुणाला "किती उपवास?" विचारण्याआधी एवढं विचारा, "तब्येत कशी आहे, ताई?"