केंब्रिजमधील प्रतिकृतींचे दालन

केंब्रिज विद्यापीठाच्या अभिजात पुरातत्त्व संग्रहालयात, म्हणजे प्राचीन ग्रीस व रोम यांच्या कलावशेषांच्या अभ्यासासाठी उभारलेल्या संग्रहालयात, पाऊल टाकणाऱ्या अभ्यासकाला प्रथम जाणवते ती शिल्पांची जवळीक. अथेन्स, रोम, नेपल्स अशा दूरदूरच्या शहरांतील शिल्पे येथे एकाच छताखाली कालक्रमाने मांडलेली आहेत आणि त्यांच्याभोवती फिरून वस्त्रांच्या चुण्या, स्नायूंची घडण व केसांच्या बटा शांतपणे न्याहाळता येतात; हे शक्य होते, कारण येथील साडेचारशेहून अधिक शिल्पे मूळ नसून प्लॅस्टरच्या प्रतिकृती आहेत. मूळ शिल्पावरून अनेक तुकड्यांचा साचा घेऊन, ते तुकडे पुन्हा जुळवून आत ओले प्लॅस्टर ओतले जाई, आणि त्या तुकड्यांच्या सांध्यांच्या बारीक रेषा आजही कित्येक प्रतिकृतींच्या अंगावर दिसतात.

अशा प्रतिकृती पूर्वी केंब्रिजच्याच फिट्झविल्यम संग्रहालयात होत्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभिजात पुरातत्त्व हा परीक्षेचा विषय झाल्यावर अध्यापनासाठी स्वतंत्र संग्रहाची गरज भासू लागली आणि 1884 मध्ये हे संग्रहालय सुरू झाले. 1982 मध्ये ते सिजविक अव्हेन्यूवरील सध्याच्या इमारतीत आले. मधल्या काळात मूळ कलाकृतीचा आग्रह वाढून अनेक संग्रहालयांनी आपल्या प्रतिकृती अडगळीत टाकल्या, काहींनी त्या नष्टही केल्या. केंब्रिजने मात्र त्या जपल्या.

त्या जपणुकीचे मोल सर्वांत स्पष्टपणे कळते ते ‘पेप्लोस कोरे’पाशी. ‘कोरे’ म्हणजे उभ्या तरुणीची ग्रीक मूर्ती आणि ‘पेप्लोस’ हे स्त्रियांचे जाड वस्त्र. इसवी सनापूर्वी 530 च्या सुमाराची ही संगमरवरी मूर्ती 1886 मध्ये अथेन्सच्या अक्रॉपॉलिसवर सापडली, तेव्हा तिच्यावर रंगांचे अंश शिल्लक होते. त्या पुराव्याच्या आधारे केंब्रिजमध्ये 1975 साली तिची एक प्रतिकृती रंगवण्यात आली. तांबडे वस्त्र व रेखलेले डोळे यांमुळे ती प्रथमदर्शनी भडक वाटते, तरीही तिच्यासमोर थोडा वेळ थांबणाऱ्याच्या मनातील ग्रीक शिल्प म्हणजे शुभ्र संगमरवर हे समीकरण कायमचे डळमळते. पुढील संशोधनाने तिचे वस्त्र नेमके कोणते आणि ती मानवी तरुणी की देवता, याविषयीही नवे प्रश्न उपस्थित केले आहेत. मूळ मूर्तीवर असा प्रयोग करणे अक्षम्य ठरले असते, तर प्रतिकृतीवर तो करणे हे अभ्यासाचे कर्तव्यच होते.

प्रतिकृती कधी कधी मूळ शिल्पाची साक्षीदारही ठरते. ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन यांच्या माणसांनी 1802 मध्ये पार्थेनॉन मंदिराच्या पश्चिमेकडील शिल्पपट्टाचे साचे घेतले होते; जागेवरच राहिलेली मूळ शिल्पे नंतर हवेतील प्रदूषणाने झिजली, मात्र त्या साच्यांतून घडलेल्या प्रतिकृतींत हरवलेले तपशील टिकून राहिले. म्हणूनच विद्यापीठीय संग्रहालयाची थोरवी केवळ त्याच्या मालकीच्या मौल्यवान वस्तूंवरून ठरवणे अपुरे आहे. त्या वस्तूंच्या आधारे किती प्रश्न विचारता येतात आणि किती रूढ समजुती तपासून पाहता येतात, हाच त्याचा खरा निकष होय.