समुद्र पाहायला निघालेलं कासव

मुलांनो, रानात एका झाडाच्या बुंध्याशी लपवलेला डबा तुम्हाला सापडला. उघडलात, तर आत बोटभर लांबीचं एक रबरी कासव. आता सांगा बघू, ते कुणाचं? ‘ज्याला सापडलं त्याचं!’ असं निम्मेजण तरी म्हणाल. माझा नाशिकचा भाचाही असंच म्हणाला होता.

पण आधी हा डब्यांचा खेळ काय ते सांगते. उपग्रहांकडून येणाऱ्या जीपीएसच्या संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम थोडी चूक ठेवायची. २ मे २००० या दिवशी ती काढून टाकली आणि साध्या माणसाच्या हातातलं यंत्रही एकदम नेमकी जागा दाखवायला लागलं. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर या गृहस्थांनी एक बादली रानात लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. या आणि शोधा! झालं, त्यातून जिओकॅशिंग हा खेळ जन्माला आला. आज जगभर असे लाखो डबे दडवून ठेवलेले आहेत. त्या पहिल्या बादलीत एक कडधान्याचा बंद डबाही होता. तो अजून जपून ठेवलाय आणि मेळाव्यांतून मिरवतो, बरं का!

मी राहते पोर्टलंडला, म्हणजे त्याच राज्यात. गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आला आणि दोन दिवसांत या खेळाच्या नादी लागला. डब्यात पेन्सिली, गोट्या, खोडरबर असं काहीबाही असतं. त्यातलं एक घ्यायचं, त्याच तोडीचं किंवा जरा बरंच काहीतरी ठेवायचं आणि वहीत नाव लिहायचं. इतपत त्याला पाठ झालं होतं. म्हणून कासव दिसताच त्याने खिशातला भोवरा काढून डब्यात ठेवला आणि कासव उचललं.

“थांब,” मी म्हटलं, “त्याच्या गळ्यात काय आहे बघ.”

गळ्यात साखळी होती आणि साखळीला धातूची छोटी पट्टी. तिच्यावर किड्याचं चित्र आणि एक सांकेतिक क्रमांक. याला म्हणतात ‘ट्रॅव्हल बग’. ही अदलाबदलीची वस्तू नाही. तिला मालक असतो आणि तिला कुठेतरी जायचं असतं. तिच्या बदल्यात काही ठेवावं लागत नाही, पण घेतली तर पुढे पोचवावी लागते. क्रमांक संगणकावर टाकला की तिची सगळी कुंडली समोर येते.

घरी आल्यावर आम्ही ती पाहिली. कासव नेब्रास्कातल्या एका मुलीचं. ते राज्य नकाशात बघा, चहूकडे जमीनच जमीन! मुलीने लिहिलं होतं, ‘माझ्या कासवाला पॅसिफिक महासागर पाहायचा आहे.’ तीन वर्षांपूर्वी तिने ते सोडलं होतं. ते कोलोरॅडोत गेलं, मग कुणीतरी त्याला उलट दिशेला टेनेसीत नेलं, तिथून आयडाहो आणि आता पोर्टलंड. समुद्र राहिला होता जेमतेम सव्वाशे किलोमीटरवर.

भाचा कासव उशाशी घेऊन झोपला. सकाळी म्हणतो कसा, “मावशी, मी याला नाशिकला नेतो. मग मुंबईला दाखवीन की समुद्र!”

“तिला पॅसिफिक हवाय रे राजा. मुंबईचा तो अरबी समुद्र.”

“अगं, सगळे समुद्र एकमेकांना जोडलेलेच असतात! भूगोलात आहे!”

भूगोलाच्या पुस्तकाचा असा उपयोग मी प्रथमच पाहिला! हसू आलं, पण गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. आपल्याकडे असे डबे तुलनेने फार थोडे. कासव तिथे वर्षानुवर्षं अडकून पडलं असतं. ज्याला वस्तूची इच्छा पुरी करता येत नाही, त्याने ती डब्यातच राहू द्यावी. ‘पाहिली’ एवढी नोंद केली तरी चालतं. मंगळावर २०२१ मध्ये उतरलेल्या ‘पर्सिव्हिअरन्स’ गाडीवरसुद्धा असा एक क्रमांक आहे. आता तो कोण उचलून आणणार? जगभरची मुलं त्याचा फोटो बघतात आणि ‘पाहिला’ म्हणून नोंद करतात!

आमचं रविवारी समुद्रावर जायचं ठरलेलंच होतं, म्हणून कासव ठेवून घेतलं आणि ‘आमच्याकडे आहे’ अशी नोंद त्याच संध्याकाळी केली. ही नोंद फार महत्त्वाची. नाहीतर तिकडे मालकाला वाटतं डबा चोरीला गेला, इकडे दुसरा कुणी त्याच कासवासाठी तंगडतोड करतो. साधारण दोन आठवड्यांत वस्तू पुढे जावी, अशी पद्धत आहे.

कॅनन बीचवर पोचलो. तिथे समुद्रात सुमारे ७२ मीटर उंचीचा गवताच्या गंजीसारखा खडक उभा आहे. कासवाला त्याच्यासमोर धरून फोटो काढला. क्रमांकावर मात्र अंगठा ठेवायचा हं! तो फोटोत दिसला, तर कासव न पाहताच कुणीही खोट्या नोंदी करू शकतो.

पहिला डबा सापडला, पण झाकण फुटलेलं आणि आत पाणी. वहीचा लगदा झाला होता. भाचा म्हणाला, “समुद्र दिसला ना त्याला? ठेवू इथेच.” मी ठाम नाही म्हटलं. डब्याच्या मालकाला तसं कळवलं आणि आम्ही टेकडी चढायला लागलो. पाऊण तासाने स्प्रूसच्या मुळांत एक जुनी लष्करी पेटी मिळाली, अगदी कोरडी ठणठणीत. फिरायला आलेले लोक पुढे जाईपर्यंत आम्ही उगीच फुलं बघत बसलो. खेळाबाहेरच्या माणसांना इथे ‘मगल’ म्हणतात, हॅरी पॉटरच्या गोष्टीतून घेतलेला शब्द! भाच्याने कासव पेटीत ठेवलं, त्याचं तोंड समुद्राकडे वळवलं आणि मगच झाकण लावलं. परतीच्या वाटेवर बराच वेळ बोलला नाही.

त्या मुलीचं उत्तर आलं. फोटो तिने घरात लावला म्हणे.

पण जानेवारीत कुणीतरी लिहिलं, ‘पेटी आहे, कासव नाही.’ भाचा फोनवर कडाडला, “चोर कुठले!” तसं लिहायचं मी टाळलं. घेणारा नवखा असेल, एखाद्या चिमुरड्याच्या खिशात ते राहिलं असेल. शेवटच्या दोघा-तिघांना मी गोडीत विचारलंय. अजून कुणाचं उत्तर नाही. पट्ट्या जोडीने मिळतात, त्यातली एक मालकाकडे राहते. ती लावून दुसरं कासव सोडता येतं, पण ही मुलगी उन्हाळ्यापर्यंत वाट पाहणार आहे.

इकडे भाच्याने स्वतःसाठी पट्ट्यांची जोडी मागवून घेतली आहे. सावंतवाडीचा लाकडी रंगीत भोवरा पाठवायचं ठरलंय. घरात दोन आहेत, लाल आणि हिरवा. लाल आवडता, म्हणून तो घरीच राहणार. हिरव्याने कुठे जायचं, यावर मात्र रोज नवा बेत असतो. काल नेब्रास्का होतं.