शंसापत्र

बजबजला मी राहावयास गेले ते एका जिन्यापायी. म्हणजे, जिना नव्हता म्हणून. २०२१ च्या अखेरीस कलकत्त्यातील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून आले, तेव्हा शहरात परवडण्याजोगी जी घरे पाहिली ती सारी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरची निघाली. माझा उजवा पाय वयाच्या दुसऱ्या वर्षी पोलिओने गेला, आणि मांडीपर्यंतचा कॅलिपर चढवून जिने चढण्याची हौस चाळिशीनंतर उरत नाही. अखेर एका सहकाऱ्याच्या ओळखीने बजबजला, हुगळीजवळ, तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. सियालदहहून येणारी लोकल इथे संपते. नदीपलीकडे हावडा जिल्हा. भारतातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये त्याच जिल्ह्यात सापडला. घाटावर बसले असता हे मला वारंवार आठवे. ज्या नोंदवहीत माझे नाव आहे, ती समोरच्या तीरावर मिटली गेली!

समोरच्या गल्लीत बिहारमधील सारण जिल्ह्यातले एक कुटुंब राहत असे. नवरा ताग गिरणीत बदली कामगार. मुलगी अकरा वर्षांची. तिला जन्मापासून मेंदूचा पक्षाघात. ती चालत नसे, आणि तिचे बोलणे आईखेरीज कोणास कळत नसे. आई तिला कडेवर घेऊनच सर्वत्र वावरे. एके दिवशी माझ्या कॅलिपरकडे पाहून तिने विचारले, “दीदी, हे सरकारने दिले का?”

हा कॅलिपर मी विकत घेतला होता. पहिला मात्र सरकारनेच दिला होता, आणि त्यासाठी लागणारा दाखला आईने मला कडेवर घेऊन, जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात तीन बुधवार रांगेत उभे राहून मिळवला होता. बुधवार हा अपंगांचा वार. ‘साठ टक्के, कायमस्वरूपी’ असे त्यावर शाईने लिहिलेले आहे. मी त्या बाईंना म्हटले, “आधी कागद लागतो. तुमच्यापाशी आहे का?” तो नव्हता.

भाषांचा व्यवसाय करणाऱ्याला अर्जाचा कोरा नमुनाही वाङ्मयासारखा वाचावयाची खोड असते. बंगालीत अपंगाला ‘प्रतिबंधी’ म्हणतात. मराठी कानाला यात मनाई ऐकू येते. जणू तो मनुष्य स्वतःच एक निर्बंध आहे, किंवा त्याच्यावर तो घातलेला आहे. दाखल्याला बंगाली शब्द ‘शंसापत्र’. आपल्याकडे ‘शंसा’ उरली ती ‘प्रशंसे’त, त्यामुळे ‘प्रतिबंधी शंसापत्र’ हे शब्द प्रथम वाचले तेव्हा मला हसू आवरेना. बिहारचा सरकारी शब्द ‘निःशक्त’. आपल्याकडे ‘अपंग’ होता, तो २०१५ नंतर ‘दिव्यांग’ झाला. एकच शरीर सारणमध्ये शक्तिहीन, बजबजला अडवलेले आणि साताऱ्यात दिव्य ठरते. हा विनोद मी वर्गात सांगितलाही. विद्यार्थी हसले. पुढे तो सांगावासा वाटेना.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि दाखला देशभर ग्राह्य ठरवला. २०२१ च्या जूनपासून तो केंद्राच्या संगणकीय व्यवस्थेतूनच मिळतो. तिचे नाव ‘स्वावलंबन’. स्टेशनजवळच्या दुकानदाराने पैसे घेऊन अर्ज भरला, आणि २०२२ च्या पावसाळ्यात मी त्या मायलेकींबरोबर एका सरकारी रुग्णालयात गेले. आईचा दिवसाचा रोज बुडाला. खिडकीवरच्या गृहस्थांनी आधार कार्ड पाहिले, पत्ता सारणचा. “तुमचा जिल्हा छपरा. तिथे जा,” एवढे बोलून त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली. पत्ता बदलून घ्यावा, तर घरमालक भाड्याची पावती देत नाही, आणि पावतीविना या कुटुंबाने बजबजला काढलेली बारा वर्षे कुठेच नोंदलेली नाहीत.

परतताना स्टेशनावरची पाटी वाचली. स्टेशनाचे नाव आता कोमागाता मारू बजबज असे आहे. व्हँकुव्हरच्या बंदरातून परतवलेल्या त्या जहाजातील बहुतांशी शीख उतारूंना सप्टेंबर १९१४ मध्ये इथेच उतरवले, आणि खास गाडीत बसून आपल्या पंजाबात जा, असे फर्मावले. त्यांना कलकत्त्याला जायचे होते. २९ तारखेला गोळीबार झाला, माणसे मेली. तुलना फार मोठी आहे आणि ती ताणणे बरे नव्हे. परंतु ‘तुमच्या मुलखात जा’ हे वाक्य या गावाने पूर्वीही ऐकले आहे, एवढे खरे.

त्या रात्री मी २०१७ चे नियम काढून वाचले. अर्ज राहत्या जिल्ह्यातील वैद्यकीय अधिकाऱ्याकडे करावा, असे तिथे होतेच. पण पुढे एक ‘किंवा’ होता: किंवा ज्या सरकारी रुग्णालयात त्या अपंगत्वावर उपचार चालू आहेत वा झाले आहेत, तेथे. मुलगी त्याच रुग्णालयात दोन वर्षे व्यायामोपचारासाठी जात होती. तिचे कागद आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवले होते. आयुष्यभर कवितेतील उभयान्वयी अव्ययांवर विद्यार्थ्यांना छळले, त्याचा असा उपयोग पूर्वी कधी झाला नव्हता. पुढच्या खेपेस खिडकीवरच्या गृहस्थांनी तो कागद वाचला, आत नेला, आणि गुरुवारी या, म्हणून सांगितले. ते वाईट नव्हते. त्यांना तो ‘किंवा’ कोणी दाखवला नव्हता, इतकेच.

गुरुवारी डॉक्टरांनी बंगालीत मुलीला नाव विचारले. ती बराच वेळ काहीतरी बोलली. आईने भोजपुरी वळणाच्या हिंदीत अर्थ सांगितला: “म्हणते, पंखा आवाज करतो आहे.” डॉक्टरांनी वर पाहिले. पंखा खरोखरच खडखडत होता. मग त्यांनी तिचे सांधे तपासले आणि ऐंशी टक्के लिहिले.

आपल्याकडे अपंगांची आत्मकथने वाचली जातात. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ तर पुष्कळांच्या घरी असते. पण आपली समीक्षा ती ‘जिद्दी’च्या कथा म्हणून वाचते. खिडकी, वार, रांग, बुडालेला रोज ही त्यातली पार्श्वभूमी ठरते. मला वाटते, तीच मुख्य कथा आहे.

शंसापत्र आले, तेव्हा पेढ्यांऐवजी आमच्याकडे गरम जिलेबी आली. पुढची गोष्ट मात्र मला उशिरा उमगली. दाखला देशभर चालतो, पण पेन्शन राज्याची. पश्चिम बंगालच्या ‘मानविक’ योजनेत महिना १००० रुपये मिळत, पण राज्याचे रहिवासी असल्याचा पुरावा हवा. बिहारची निःशक्तता पेन्शन तेव्हा ४०० रुपये होती, आणि तिच्यासाठी बिहारचे रहिवासी असावे लागे. रेल्वे मात्र मुलीला व तिला सांभाळून नेणाऱ्याला भाड्यात मोठी सवलत देते. म्हणजे जाण्याची सोय झाली होती. आईने हिशेब केला. गावी आजी आहे, ४०० रुपये आहेत. इथे व्यायामोपचार आहेत, नवऱ्याची गिरणी आहे. ती इथेच राहिली, आणि पेन्शनचा अर्ज कुठेच केला नाही.

माझी मुदत संपून मी महाराष्ट्रात परतले. २०२५ च्या जुलैत बिहारने ४०० चे ११०० केले, तेव्हा त्या बाईंचा फोन आला. मुलगी आता चौदा वर्षांची, कडेवर मावत नाही. “दीदी, आता जावे का?” मी म्हटले, आधी छपऱ्याला व्यायामोपचार कुठे मिळतील त्याची चौकशी करा, त्याशिवाय निघू नका. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मागून मुलीचा आवाज येत होता. मग त्यांनी शंसापत्राची मुदत कधी संपते, असे विचारले. मी म्हटले, त्यावर कायमस्वरूपी असे लिहिले आहे.