अमानत आणि पासवर्डची फाईल

रमजान जवळ आला की आमच्या तालुक्याच्या गावातली जकात समिती यादी करायला बसते. कुणाच्या घरी कमावणारं माणूस उरलं नाही, कुणाची औषधं चालू आहेत, कुणाच्या मुलीची फी राहिली आहे, हे सगळं त्या यादीत असतं. पूर्वी ती चाचांच्या वहीत असे. चाचा म्हणजे समितीचे सचिव, एसटीतून निवृत्त झालेले. वही लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली सदऱ्याच्या खिशात. पुढे यादी संगणकावर आली. समितीतल्या लोकांना ती घरून पाहता यावी म्हणून मी ती एका छोट्या वेबसाइटवर ठेवली. सर्व्हर सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं.

वेबसाइटला कुलूप घालायची एक जुनी, साधी पद्धत आहे. अपाची नावाच्या वेबसर्व्हरला सांगायचं की या फोल्डरमध्ये येणाऱ्याला नाव आणि पासवर्ड विचार. मग त्याला एका फाईलचा पत्ता द्यायचा. त्या फाईलमध्ये एका ओळीवर एक माणूस असतो. आधी नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबं, मग पासवर्डचं दळलेलं रूप. ही फाईल तयार करायला एचटीपासवर्ड नावाचा छोटा प्रोग्राम अपाचीबरोबरच मिळतो. मी ती केली, पण आळस केला. सात सदस्य आणि अर्ज टाइप करायला येणारा एक कॉलेजचा मुलगा, अशा आठ जणांसाठी मी एकच ओळ लिहिली. नाव ‘समिती’, पासवर्ड सगळ्यांना एकच. आठ जणांना आठ पासवर्ड कोण समजावत बसणार, असा माझा विचार.

दुसऱ्याच वर्षी आपा अस्वस्थ होऊन आल्या. आपा शाळेत शिकवतात आणि बायकांच्या अर्जांची चौकशी त्याच करतात. शिलाईकाम करणाऱ्या एका विधवा बाईला लग्नाच्या पंगतीत कुणीतरी म्हणालं होतं, ‘तुला तर समितीकडून मिळतं ना?’ रकमेसकट. ती बाई आपांकडे येऊन एवढंच म्हणाली, ‘मला पैसे नकोत, माझं नाव काढा.’

ज्यांनी कधी हात पसरला नाही त्यांच्यासाठी या वाक्याचा अर्थ काय असतो, हे सांगायला नको. उघड दान चांगलंच, पण गरजूला गुपचूप देणं अधिक चांगलं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सूरह बकरामध्येच ते आहे. इथे तर आमच्याच दारातून गुपित बाहेर गेलं होतं.

चाचांनी मला विचारलं, ‘बेटा, तुझ्या मशीनला कळत असेल ना, यादी कोणी कोणी पाहिली?’

मी सर्व्हरची नोंदवही उघडली. येणाऱ्या प्रत्येक विनंतीची तिथे एक ओळ पडते. कुठल्या पत्त्यावरून आली, कुठल्या नावाने आली, किती वाजता आली, काय मागितलं. नावाच्या जागी प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, ‘समिती’. पत्ते मोबाइल कंपन्यांचे, रोज बदलणारे. आठांपैकी कोण, हे सांगायची सोय मीच ठेवली नव्हती.

मग जे व्हायचं तेच झालं. तोंडाने कुणी आरोप केला नाही. पण आठ जणांत सात जण दाढीवाले, नाही तर पदरवाल्या, वडीलधारे, आणि एक अठरा वर्षांचा मुलगा. त्याला अर्ज टाइप करायला बोलावणं बंद झालं. जुम्म्याला मशिदीत भेटला तर लोक दुसऱ्या विषयावर बोलू लागत. त्याला ते कळलं आणि तो यायचाच थांबला. सूरह हुजुरातमध्ये संशयापासून लांब राहायला बजावलं आहे, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मी ठरवलं की आता प्रत्येकाची ओळ वेगळी. बैठकीत हे सांगितलं तेव्हा चाचा म्हणाले, ‘चांगलं आहे. मग सगळ्यांच्या पासवर्डचा एक कागद माझ्याकडे दे. कपाटात ठेवतो. कुणी विसरलं तर?’

चाचांच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. तरी मी नाही म्हणालो. ‘चाचा, तो कागद मलाही करता येणार नाही. फाईलमध्ये पासवर्ड नसतोच.’

‘मग तपासतो कसा?’

मी गिरणीचा दाखला दिला. गहू दळला की पीठ होतं, पण पिठाचा पुन्हा गहू होत नाही. फाईलमध्ये फक्त पीठ ठेवलेलं असतं. तुम्ही पासवर्ड टाकला की सर्व्हर तो त्याच गिरणीत दळतो आणि दोन्ही पिठं जुळतात का पाहतो. दळण्याआधी प्रत्येकाच्या गव्हात वेगळं चिमूटभर मीठ पडतं, त्याला इंग्रजीतही मीठच म्हणतात. त्यामुळे दोघांनी योगायोगाने एकच पासवर्ड ठेवला तरी पीठ वेगळं दिसतं.

ही शहाणीव आयती आलेली नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये एका सामायिक संगणकावर सगळ्यांचे पासवर्ड उघड्या अक्षरांत एका फाईलमध्ये असत. एके दिवशी ती फाईल आणि रोजची सूचना यांची अदलाबदल झाली, आणि संगणकावर बसणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. चोरी कुणीच केली नव्हती. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्सच्या पासवर्डांवर एक निबंध लिहिला. दळलेलं रूपच ठेवावं, दळणं मुद्दाम संथ असावं, त्यात मीठ घालावं, या गोष्टी त्यात आहेत. त्यांचं मीठ ४०९६ प्रकारचं होतं. १९९९ मध्ये बीक्रिप्ट आलं. त्यात दळणं किती संथ करायचं हे आपण ठरवू शकतो आणि आकडा एकाने वाढवला की वेळ दुप्पट होतो. आज एचटीपासवर्ड वापरताना बीक्रिप्टच निवडावं. जुन्या क्रिप्ट पद्धतीत तर पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजली जातात, पुढचं सगळं वाया.

चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हणजे सांभाळणाऱ्यालाही माहीत नाही. मग सांभाळणाऱ्यावर आळही येणार नाही.’ मला जे तासभर समजावता आलं नसतं ते त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं.

त्याच आठवड्यात माझ्या हातून दुसरी चूक झाली. सहा जणांच्या ओळी झाल्या होत्या. प्रत्येकाला मी समोर बसवून स्वतःचा पासवर्ड स्वतः टाइप करायला लावला. सातव्या होत्या आपा. मी आधीची कमांड तशीच पुन्हा चालवली, फक्त नाव बदललं. त्या कमांडमध्ये ‘सी’ हे अक्षर राहून गेलं होतं. ‘सी’ म्हणजे नवी फाईल कर. फाईल आधीपासून असेल तर हा प्रोग्राम काही विचारत नाही, तिच्यावरच नवी लिहितो. सहा ओळी पुसल्या गेल्या आणि एकट्या आपा उरल्या. सर्व्हर ही फाईल प्रत्येक वेळी नव्याने वाचतो, त्यामुळे परिणाम लगेच झाला.

संध्याकाळी चाचांचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. ‘बेटा, मला आत घेत नाही. माझं नाव काढलंस का?’

मग दुसऱ्या सदस्याचा आला, मग तिसऱ्याचा. प्रत्येकाला वाटलं की संशय आता आपल्यावर आला. मी पळत जाऊन माफी मागितली, सगळ्यांना पुन्हा बसवलं. आता ‘सी’ फक्त पहिल्या वेळी, आणि फाईलला हात लावण्याआधी तिची प्रत काढायची, हा नियम केला आहे. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती वेगळ्या कारणाने. दार बंद झालं की आत काय होतं, हे सहा मोठ्या माणसांना तासाभरात कळलं होतं. त्या मुलाने ते महिनोन् महिने सोसलं होतं.

आता घडी बसली आहे. फाईल जगाला दिसणाऱ्या फोल्डरच्या बाहेर ठेवली आहे. साइट फक्त एचटीटीपीएसवर चालते, कारण या पद्धतीत नाव आणि पासवर्ड दर विनंतीबरोबर जातात, आणि ते बेस६४ मध्ये असतात. बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे, नुसता पातळ पडदा, कुणीही बाजूला सारावा असा. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहून टाकायची सोय आहे, ती मी वापरत नाही, कारण तो संगणकाच्या इतिहासात राहतो. कुणी समिती सोडली की त्याच दिवशी ‘डी’ देऊन ओळ काढतो आणि त्यांना आधी सांगतो. कुणी विसरलं तर जुना पासवर्ड शोधत नाही, नवा घ्यायला लावतो.

यादी कोणी फोडली हे आम्हाला अजून कळलेलं नाही. कदाचित वेबसाइटवरून ती गेलीच नसेल, कुणाच्या घरात सहज बोलता बोलता गेली असेल. फाईल दार सांभाळते, तोंड सांभाळत नाही. पण पुढच्या वेळी एका माणसाच्या नावावर आठांचा भार पडणार नाही, एवढं तिच्या हातात आहे. मशिदीची, मदरशाची, वाचनालयाची अशी फाईल तुमच्याकडे असेल तर आज उघडून पाहा. एका ओळीमागे एकच माणूस आहे का, एवढंच पाहा.

त्या मुलाच्या घरी मी गेलो होतो. त्याच्या अम्मींनी चहा केला. चूक माझी होती, नोंदवहीत आठ जण एका नावाने होते, त्यामुळे तुझं निर्दोषपण मला दाखवता आलं नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या रमजानला येशील का, असं विचारलं तर म्हणाला, ‘परीक्षा आहे, भाई.’

त्याच्या नावाची ओळ अजून फाईलमध्ये नाही. तो आला की माझ्या खुर्चीत बसून पासवर्ड तोच टाकेल, मी तोंड दुसरीकडे करून उभा राहीन.