वाळूतला भुंगेरा

नोकरीच्या निमित्ताने कतारमध्ये माझी काही वर्षे गेली. त्या देशात वर्षाकाठी सरासरी 100 मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही. दक्षिणेस खोर अल-उदैदच्या बाजूला वाळूच्या टेकड्या आहेत. ‘शमाल’ हा वायव्येचा वारा त्यांना हळूहळू पुढे ढकलीत असतो. अशा जागी कोण राहत असेल, असे कोणालाही वाटेल.

पण वाळवंटात रात्री दिवा लावला की तिळाच्या दाण्याएवढे तपकिरी भुंगेरे उजेडात येऊन पडतात. शास्त्रज्ञ त्यांच्या गटाला ग्रीक भाषेतल्या वाळूच्या शब्दावरून नाव देतात. आपल्या कोकणातल्या शेणकिड्याचे हे भाऊबंद. डोक्याची कड फावड्यासारखी, पुढचे पाय दातेरी. सारे अंग खणण्यासाठीच घडविलेले. दिवसा वरची वाळू भाजत असते, तेव्हा हे खाली झुडपांच्या मुळांशी, जरा गारव्यात दडून बसतात. तेथला कुजका पालापाचोळा खातात. त्यांच्या या खाण्यातूनच झाडाचे झाडाला परत मिळते.

अलिबाग-नवगावकडे आपले वाडवडील ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. घाण्याच्या बैलामागे शेण पुरणारा शेणकिडा त्यांनी रोज पाहिला असेल. तेल्याच्या कामाला कोणी मोठे म्हटले नाही. पण संध्याकाळी गावातले दिवे त्याच तेलावर लागत. लहान जिवाच्या कामाचेही असेच आहे.

मिसर देशात याच कुळातल्या शेणाची गोळी लोटणाऱ्या भुंगेऱ्याला उगवत्या सूर्याचे दैवत मानून लोक पुजीत. आपल्या तोराने अशी पूजा निषिद्ध केली. वायिक्राच्या अकराव्या अध्यायाप्रमाणे तो आपल्याला खाण्यासही वर्ज्य. परंतु निर्माणकर्त्याची करणी डोळे भरून पाहण्यास कोठेही मनाई नाही.

अडचण एवढीच, की वाळू म्हणजे रिकामी जागा असे माणसाने ठरवून टाकले आहे. कतारमध्ये टेकड्यांवरून हौसेने मोटारी पळवितात. चाकाखाली झुडूप मोडले की त्याच्या मुळाशी असलेले घरही मोडते. इस्रायलमध्ये तरी वेगळे काय? 1956 साली वसलेले अश्दोद वाळूच्या टेकड्यांवरच उभे राहिले. आपल्या कितीतरी कुटुंबांना तेथे आसरा मिळाला, त्याबद्दल देवाचे उपकार मानावेत. पण शेजारी नित्सानीमला राखून ठेवलेली वाळू अजून आहे. नातवंडांना एकदा तेथे अवश्य न्यावे, आणि पाऊल जपून टाकावयास शिकवावे.