दोन रेशनकार्डं आणि शेताचा कागद

“तुमची मजा आहे, दोन्हीकडून मिळतं,” असं जिवतीच्या बाजारात कुणी म्हटलं की माझा जीव जळतो.

माणिकगड पहाडावरच्या ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, त्यांतलं परमडोली आमचं. इकडच्या दप्तरात आम्ही चंद्रपूर जिल्ह्यात, तिकडच्या दप्तरात आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात. मुलूख पूर्वी हैदराबाद संस्थानाचा. १९५६ मध्ये आमचा तेव्हाचा राजुरा तालुका आदिलाबाद जिल्ह्यापासून तुटला, पण हद्दीचा घोळ काही सुटला नाही. आमचे वाडवडील दुष्काळाला कंटाळून मराठवाड्यातून इथे आले आणि माळ फोडून शेती करू लागले. घरात बोलणं मराठीच.

गावात सगळं दुहेरी. सरपंच दोन, रेशनकार्डं दोन, शाळा दोन. एकीत मराठी, दुसरीत तेलुगू. माझी मोठी मुलगी मराठी शाळेत जाते, धाकटा तेलुगू शाळेत. पुढे कोणती भाषा पोट भरेल याचा भरवसा नाही, म्हणून बापाने केलेली ही वाटणी. पण भावाबहिणीला एकमेकांचा अभ्यास घेता येत नाही, ते बघवत नाही.

मायला वाचता येत नाही. तिने कागदांच्या दोन पिशव्या केल्यात. लाल दोऱ्याची महाराष्ट्राची, काळ्या दोऱ्याची तेलंगणाची. दारात कुणी साहेब आला की आधी विचारते, “कुठले हो तुम्ही?” मग पिशवी सोडते.

२०१९ ला लोकसभेचं मतदान दोन्हीकडे एकाच दिवशी, ११ एप्रिलला होतं. २०२४ ला चंद्रपूरचं १९ एप्रिलला झालं, तिकडच्या आदिलाबाद मतदारसंघाचं १३ मेला. बोटाला शाई एकदाच लागावी हे आम्हालाही कळतं. पण दोन याद्यांत नावं आम्ही घातली नाहीत; दोन्ही सरकारांनी घातली.

आणि शेत? ते आमच्या नावावर कुठेच नाही. गावातल्या कित्येकांची हीच गत. सातबारा नाही म्हणून पीककर्ज नाही. मागे मृगाआधी मी बँकेत गेलो, दोन्ही पिशव्या टेबलावर मोकळ्या केल्या. साहेबाने कार्डं उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “जमिनीचा कागद?” मग बियाणं-खत दुकानदाराकडून उधारीवर उचललं. कापूस त्यालाच घालायचा, भाव तो म्हणेल तो. यंदाही त्याच्याशीच बोलणं झालंय.